वृत्ती आणि व्यवसाय : छोट्या रंगभूमीचा प्रश्न

१

मराठी नाट्यसमीक्षेत रंगभूमीचे जे वर्गीकरण रूढ झाले आहे, ते एका शब्दाच्या संदिग्धतेवर उभे आहे. ‘व्यावसायिक रंगभूमी’ असे म्हटले की मराठी वाचकाच्या मनात एकाच वेळी दोन कल्पना येतात. पहिली, जिच्यावर काम करणारा नट त्या कामावर आपला चरितार्थ चालवतो, ती रंगभूमी. दुसरी, जी तिकीटविक्रीचे गणित मांडून नाटक निवडते आणि नफ्यासाठी चालते, ती रंगभूमी. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात हे खरे. पण त्या एक नव्हेत. वैद्यकी हा व्यवसाय आहे असे म्हणताना वैद्य नफेखोर आहे असे कोणी सुचवीत नाही. त्याने ती विद्या रीतसर संपादन केली आहे, तो तिच्यावर जगतो आणि तिच्या शिस्तीला बांधील आहे, एवढाच त्या म्हणण्याचा आशय असतो. नटाच्या बाबतीत मात्र तोच शब्द योजला की त्याला लगेच धंद्याचा वास येऊ लागतो.

या शब्दाच्या विरुद्ध बाजूस ‘हौशी’, ‘प्रायोगिक’ आणि ‘समांतर’ हे तीन शब्द उभे आहेत. त्यांपैकी पहिला नटाच्या मोबदल्याविषयी बोलतो, दुसरा नाटकाच्या रूपाविषयी आणि तिसरा रंगभूमीच्या स्थानाविषयी. परंतु व्यवहारात तिन्ही एकाच अर्थाने वापरले जातात, आणि तो अर्थ नकारात्मक आहे : जे व्यावसायिक नाही ते. त्यामुळे जी रंगभूमी आकाराने लहान आहे, बाजाराच्या मुख्य प्रवाहाबाहेर आहे, परंतु जिचा नट पगारी व पूर्णवेळ आहे, तिला मराठीत नावच उरत नाही. नाव नसलेल्या वस्तूचा अभाव सहसा जाणवत नाही. मराठी रंगभूमीच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात ही वस्तू जवळजवळ निर्माणच झाली नाही, आणि तिच्या अभावाचा हिशेब मराठी नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासकांनी मांडला नाही, याचे एक कारण या शब्ददारिद्र्यात शोधता येईल.

अन्य भारतीय भाषांनी हाच भेद कसा नोंदवला आहे हे पाहणे उद्बोधक ठरते. गुजरातीत ‘धंधादारी’ रंगभूमीच्या समोर ‘अवेतन’ रंगभूमी उभी केली जाते; म्हणजे नव्या, गंभीर नाटकाची ओळखच वेतनाच्या अभावाने करून दिली जाते. बंगालीत ‘पेशादारी’ थिएटर आणि ‘शखेर’ थिएटर ही जुनी जोडी; १९४८ साली स्थापन झालेल्या ‘बहुरूपी’नंतर जी चळवळ वाढली तिने ‘ग्रुप थिएटर’ हे तिसरे नाव घेतले. त्या नावात मोबदल्याविषयी काहीच नाही, समूहाविषयी आहे. मलयाळममध्ये ‘प्रोफेशनल नाटक’ हा शब्द उत्सवांच्या हंगामात गावोगाव फिरणाऱ्या पगारी मंडळ्यांना लावला जातो, आणि थोप्पिल भासींचे ‘निङ्ङळेन्ने कम्युनिस्टाक्कि’ हे १९५२चे राजकीय नाटक रंगवणारी ‘केपीएसी’ याच मंडळ्यांत मोडते. म्हणजे तिथे पगार घेणे आणि विचार मांडणे यांत विरोध मानला गेला नाही. कन्नडमध्ये ‘हव्यासी रंगभूमी’च्या समोर ‘वृत्ती रंगभूमी’ आहे. या शेवटच्या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

२

मराठी रंगभूमीचा आरंभ मोबदल्याच्या प्रश्नापासून अलग काढता येत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तो आश्रय संपल्यावर भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून त्यांनी प्रयोग केले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे संक्रमण मराठी रंगभूमीच्या इतिहासात गौरवाने सांगितले जाते. त्यानंतरच्या नाटक मंडळ्यांनी, १८८०च्या किर्लोस्करांपासून १९०८च्या ललितकलादर्श आणि १९१३च्या गंधर्व मंडळीपर्यंत, एक विशिष्ट संस्थारूप घडवले. मंडळी हे एक फिरते बिऱ्हाड होते. नट पगारी होते, त्यांची राहण्या-जेवण्याची सोय मंडळीत होती, आणि पोरवयात दाखल झालेला मुलगा तिथेच गाणे, बोलणे व वावरणे शिकून नट होत असे. या मंडळ्या नफ्यासाठी चालत. कर्जात बुडत त्याही त्याच कारणाने. परंतु नटाला वर्षभर पोसणारी संस्था म्हणून त्यांचे मोल वेगळे मोजायला हवे.

बोलपटाच्या आगमनानंतर ही बिऱ्हाडे मोडली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-पुण्याची जी व्यावसायिक रंगभूमी पुन्हा उभी राहिली, तिने मंडळीचे हे अंग टाकून दिले. निर्माता नाटक घेतो, नट ठरवतो, नाट्यगृहाच्या तारखा मिळवतो आणि प्रयोग लावतो. नाट्यगृह पालिकेचे किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेचे असते, आणि नटाला दर प्रयोगामागे जी रक्कम मिळते तिला या व्यवसायात ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग आहे तोवर नट आहे. नाटक बंद पडले की संच पांगतो. म्हणजे नाव व्यावसायिक असले तरी या रंगभूमीजवळ मुख्यतः रोजंदारी आहे. तालमीचे सातत्य, नव्या नटाचे शिक्षण, नफा न देणाऱ्या नाटकाचा सांभाळ यांपैकी एकही जबाबदारी कोणत्याही एका संस्थेवर उरलेली नाही.

विरुद्ध बाजूला १९६० साली ‘रंगायन’, १९७१ साली ‘आविष्कार’ आणि १९७३ साली पुण्याची ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ या संस्था उभ्या राहिल्या. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून जो उपक्रम चालवला, त्याने मराठीबरोबर हिंदी, गुजराती व इंग्रजी नाटकालाही मुंबईत जागा दिली. मराठीतील आधुनिक नाट्यवाङ्मयाचा मोठा भाग या संस्थांशिवाय रंगमंचावर आला नसता, हे निर्विवाद आहे. परंतु या रंगभूमीचा आश्रयदाता कोण होता, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ; सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक, विजय तेंडुलकर वृत्तपत्रात, महेश एलकुंचवार नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापक. त्यांच्याभोवती बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांत नोकरी करणारे शेकडो स्त्री-पुरुष होते. ‘घाशीराम कोतवाल’चा भला मोठा संच १९८० साली युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हाही नाटक हे त्यातील बहुतेकांच्या चरितार्थाचे साधन नव्हते. तात्पर्य, प्रायोगिक रंगभूमीला खरे अनुदान मिळाले ते तिच्या कलावंतांच्या नोकऱ्यांकडून. पाच-साडेपाचला सुटणारी कचेरी हा तिचा अघोषित आश्रयदाता होता.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, ज्याला पूर्णवेळ नट व्हायचे होते त्याला प्रायोगिक रंगभूमी सोडून जावे लागले, अथवा ती फावल्या वेळेपुरती ठेवावी लागली. लागूंनी १९६९ साली वैद्यकी सोडून अभिनय हीच वृत्ती मानली, तेव्हा त्यांना ज्या रंगभूमीने पोसले ती मुख्य प्रवाहाची होती. १९७०चे ‘नटसम्राट’ गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. ही संस्था स्वतः समाजकार्यासाठी निघालेली, कोणा निर्मात्याच्या खासगी नफ्यासाठी चालणारी नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे. प्रचलित वर्गीकरणात तिची जागा कोणती, याचे उत्तर देताना ‘व्यावसायिक’ हा शब्द पुन्हा अपुरा पडतो.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. संध्याकाळच्या मोकळ्या वेळेवर उभी असलेली रंगभूमी, ज्याच्याजवळ मोकळी संध्याकाळ आहे त्यालाच नट म्हणून निवडते. ठरलेल्या वेळी सुटणारी नोकरी, घरी कोणीतरी रांधून ठेवलेले जेवण आणि बोलण्यात प्रमाण भाषा, या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याला तालमीला येणे सोपे. रोजंदारीवरचा मजूर, पाळीने काम करणारा गिरणी कामगार, घर सांभाळणारी नोकरदार स्त्री यांना ते कठीण. कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धांनी काही काळ हे अंतर कमी केले. पण स्पर्धेतला प्रयोग संपला की तिथला नट परत आपल्या पाळीवर गेला. प्रायोगिक रंगभूमी विचाराने पुरोगामी आणि घडणीने मध्यमवर्गीय राहिली, याचा दोष तिच्या धुरिणांच्या मनोवृत्तीला दिला जातो. त्याहून तो तिच्या अर्थव्यवस्थेला देणे न्याय्य ठरेल. ज्या संस्थेला नटाला पगार देता येत नाही, तिला आपला नट समाजाच्या कोणत्या थरातून यावा हे ठरवताही येत नाही.

आज ती कचेरीही बदलली आहे. दूरचित्रवाणीवरील मालिका, जाहिराती आणि ध्वनिमुद्रण हे तरुण नटाच्या उपजीविकेचे मुख्य मार्ग झाले. बँक संध्याकाळी नटाला सोडून देत असे. मालिकेचे चित्रीकरण सोडीत नाही. म्हणून ‘आपापली नोकरी सांभाळून’ नाटक करण्याची जी पद्धत दोन पिढ्यांनी गृहीत धरली होती, ती आता पूर्वीसारखी चालणे शक्य नाही.

३

अन्यत्र याहून वेगळे घडले आहे काय? तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ती तीन वेगळ्या भाषांतील आहेत आणि तिन्हींची आर्थिक घडणही निराळी आहे.

उत्पल दत्त यांच्या ‘लिटल थिएटर ग्रुप’ने १९५९ साली उत्तर कलकत्त्यातील मिनर्व्हा थिएटर भाड्याने घेतले. स्टार, रंगमहल, विश्वरूपा यांसारखी पेशादारी नाट्यगृहे ज्या भागात होती, त्याच भागात, तशाच नियमित प्रयोगांची शिस्त स्वीकारून, कोळसा खाणीतील मृत्यूवरचे ‘अंगार’ आणि पुढे १९६५ साली नौदलाच्या १९४६च्या उठावावरचे ‘कल्लोल’ ही नाटके तिथे झाली. ‘कल्लोल’च्या जाहिराती छापण्यास वृत्तपत्रांनी नकार दिला, त्याच वर्षी दत्तांना अटक झाली, तरी नाटक चालले. व्यवसायाची चौकट आणि विरोधाचा आशय एका छपराखाली राहू शकतात हे त्या दशकाने दाखवले. भाडे, कर्ज आणि राजकीय वादळे यांत हा प्रयोग फार टिकला नाही. परंतु त्याचे अपयश कलेचे नव्हते.

दुसरे उदाहरण हबीब तन्वीर आणि मोनिका मिश्रा यांनी १९५९ साली सुरू केलेल्या ‘नया थिएटर’चे. या मंडळीला तिचे खरे रूप १९७०च्या दशकात लाभले. शहरी नटांकडून अपेक्षित रंगभाषा मिळत नाही आणि छत्तीसगढचे नाचा कलावंत हिंदीत व आखून दिलेल्या हालचालींत गुदमरतात, हे ध्यानात आल्यावर तन्वीरांनी त्यांना त्यांच्या बोलीत बोलू दिले. १९७३ची रायपूरची कार्यशाळा हा त्या वाटचालीतील निर्णायक टप्पा. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरून आणि सतनामींच्या पंथी गीतांच्या साहाय्याने १९७५ साली ‘चरणदास चोर’ आकाराला आले, आणि १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात ते गौरवले गेले. हे सारे सर्वज्ञात आहे. जे कमी सांगितले जाते ते असे की, फिदाबाई, ठाकूरराम, लालूराम, गोविंदराम निर्मलकर यांच्यासारखे कलावंत गाव सोडून दिल्लीत आणि नंतर भोपाळमध्ये राहू शकले, याचे कारण ती एक पगारी मंडळी होती. देवार समाजातील फिदाबाईने राणीची भूमिका करावी, हा निर्णय कलात्मक खराच. पण तो अमलात येण्यासाठी महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी संस्था लागते. अवेतन रंगभूमीवर फिदाबाई एखाद्या महोत्सवात पाहुणी म्हणून आली असती आणि परत गेली असती.

तिसरे उदाहरण कर्नाटकातील हेग्गोडू या गावचे. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यातले हे लहानसे खेडे. तिथे १९४९ साली निघालेल्या ‘नीनासम्’ने के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नेतृत्वाखाली १९८० साली नाट्यशिक्षणाची संस्था आणि १९८५ साली ‘तिरुगाट’ हा फिरता संच सुरू केला. तिरुगाट म्हणजे भटकंती. यक्षगानाच्या मेळ्यांच्या हंगामी दौऱ्यालाही हाच शब्द आहे. दर वर्षी नवा संच जमतो, पावसाळ्यात तालमी होतात, आणि मग गावोगावच्या संस्थांनी ठरवलेले प्रयोग करीत तो कर्नाटकभर फिरतो. एका हंगामात सामान्यतः तीन नाटके असतात : एखादे कन्नड, एखादे संस्कृत वा अन्य भारतीय भाषेतले, एखादे शेक्सपिअर किंवा ब्रेख्टचे. नट तरुण असतात, मोबदला माफक असतो. पण त्या काही महिन्यांत ते नाटकाखेरीज दुसरे काही करीत नाहीत, आणि एकच नाटक निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे वारंवार करतात.

या तीन उदाहरणांत साहित्याच्या अभ्यासकाचे स्वारस्य कशात असावे? नटाच्या उपजीविकेचा प्रश्न कितीही महत्त्वाचा असला तरी तो समाजशास्त्राचा किंवा प्रशासनाचा आहे, असे म्हणून साहित्यविचार त्यातून सुटू पाहतो. ते बरोबर नाही. नाट्यसंहितेचे जीवन तीन ठिकाणी या अर्थव्यवस्थेवर अवलंबून आहे.

पहिले म्हणजे पुनरावृत्ती. स्पर्धेसाठी बसवलेले आणि थोड्याच प्रयोगांनंतर थांबलेले नाटक लेखकाच्या पहिल्या खर्ड्याजवळच गोठते. छापले जाते तेही त्याच रूपात. शंभर प्रयोगांतून गेलेली संहिता निराळी असते. प्रेक्षक कुठे ऐकतो आणि कुठे चुळबुळतो हे नटाला कळते, नटाकडून लेखकाला कळते, आणि संवाद त्यानुसार आवळले वा सैल केले जातात. मुख्य प्रवाहाच्या रंगभूमीला ही पुनरावृत्ती लाभते, पण तिथे दुरुस्तीची दिशा बहुधा टाळ्यांची असते. छोट्या पगारी रंगभूमीला पुनरावृत्ती मिळते आणि दिशा स्वतः ठरवण्याची मुभाही राहते.

दुसरे म्हणजे बोली. नाटकाची भाषा लेखकाच्या कानातून येते, आणि त्याच्या कानावर तालमीत जे पडते त्याची तिच्यावर खोल छाप उमटते. ज्या संचात सगळेच एका शहराच्या दोन-तीन पेठांतले, त्या संचासाठी लिहिणाऱ्याची भाषा कितीही समर्थ झाली तरी तिच्या सीमा ठरलेल्या राहतात. ‘चरणदास चोर’ची छत्तीसगढी ही अभ्यासाने कमावलेली बोली नव्हे, ती पगारावर असलेल्या नटांनी तालमीत आणलेली बोली आहे.

तिसरे म्हणजे भाषांतर. ज्या संचाला दर वर्षी तीन नाटके लागतात, त्याला केवळ स्वभाषेतील नव्या नाटकांवर विसंबून राहता येत नाही. तिरुगाटची ही निकड आणि हेग्गोडूच्याच अक्षर प्रकाशनाचे काम यांतून कन्नडमध्ये रंगमंचावर बोलता येतील अशी भाषांतरे होत राहिली, आणि ती वाचनालयात न राहता तालुक्याच्या गावी ऐकली गेली. भारतीय साहित्यांच्या परस्परसंबंधांविषयी परिसंवादांत जे बोलले जाते, त्यातील पुष्कळसे हा संच टेम्पोत सामान भरून घडवून आणतो.

४

या विचारावर आक्षेप येतील आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. सर्वांत समर्थ आक्षेप बादल सरकारांचा आहे. ‘शताब्दी’च्या माध्यमातून १९७०च्या दशकात त्यांनी जी ‘तिसरी रंगभूमी’ सिद्ध केली, तिने मंच, नेपथ्य, तिकीट आणि मोबदला हे सारेच नाकारले. अंगणात, उद्यानात, खेड्यात प्रयोग करायचा आणि प्रेक्षक स्वेच्छेने देईल ते घ्यायचे. पैसा मध्ये आला की नट आणि प्रेक्षक यांचे नाते विक्रेता आणि गिऱ्हाईक यांचे होते, ही त्यांची भूमिका. ती नैतिकदृष्ट्या निर्मळ होती आणि ‘मिछिल’, ‘भोमा’ या नाटकांत तिची कलात्मक फलश्रुतीही दिसते. परंतु सरकारांनी मोबदला नाकारला तो जाणीवपूर्वक आणि प्रयोगाच्या रूपासकट सगळे बदलून. मराठी प्रायोगिक रंगभूमीने मोबदला नाकारलेला नाही. तिला तो देता आला नाही, आणि ही असमर्थता कालांतराने तत्त्व म्हणून सांगितली जाऊ लागली. या दोन गोष्टींत अंतर आहे. शिवाय तिसऱ्या रंगभूमीचा नटही दिवसा कुठेतरी नोकरी करीतच होता. पैशाचा प्रश्न तिने रंगभूमीच्या दाराबाहेर ठेवला, सोडवला नाही.

दुसरा आक्षेप अनुदानाविषयी. बाजार नको आणि अवेतनही नको, तर मग पैसा सरकारकडून येणार. आणि सरकारी पैशाबरोबर सरकारी भीती येणार. येथे डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरचा इतिहास बोधप्रद आहे. दिवसा पोटापाण्याचा उद्योग आणि संध्याकाळी नाटक करणाऱ्या मंडळींतून उभी राहिलेली ही संस्था १९०५ साली अ‍ॅनी हॉर्निमन या बाईंच्या पैशावर पगारी झाली, तेव्हा राष्ट्रकार्यासाठी विनामोबदला काम करण्याचा आग्रह धरणारे काही जण फुटून बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी संस्था काढली. आज स्मरणात आहे ती पगारी झालेली संस्था. सिंगचे १९०७चे नाटक आणि त्यावरील दंगा तिने सोसला. १९२५ साली तिला नव्या आयरिश राज्याकडून वर्षाला ८५० पौंड मिळू लागले, आणि पुढच्याच वर्षी, सरकारनियुक्त संचालकाने आक्षेप घेतल्यानंतरही, तिने ओकेसीचे ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ रंगमंचावर आणले. सरकारी पैसा नेहमीच निरुपद्रवी असतो असे यावरून सिद्ध होत नाही. भय पैशाबरोबर येते की संचालकांच्या कण्याच्या अभावी येते, हा प्रश्न मात्र त्यामुळे खुला होतो.

भारतात आज अशी मदत आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजनेत नाट्यसंस्थेला एक गुरू आणि जास्तीत जास्त १८ शिष्य यांच्यासाठी साहाय्य मिळते. गुरूला दरमहा १५,००० रुपये आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये. योजनेला ‘गुरू-शिष्य परंपरा’ असे नाव आहे. रकमेच्या तोकडेपणाविषयी बोलता येईल. पण त्याहून लक्षणीय आहे ती भाषा. संचात दहा वर्षे काम केलेला, संसार असलेला नटही येथे शिष्यच. त्याला मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन. त्याचा मालक नाही, गुरू आहे. म्हणून त्याला निवृत्तिवेतन नाही, रजा नाही, आणि तक्रार केल्यास ती गुरुद्रोहात जमा. मराठी समीक्षेने जे ‘व्यावसायिक’ या शब्दाने केले, तेच शासनाने ‘परंपरा’ या शब्दाने केले आहे : चरितार्थाचा प्रश्न नजरेआड ठेवला आहे.

याचेच तिसरे रूप विद्यापीठीय लेखनात आढळते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत रात्रभर नाटके चालतात. वडसा येथे मंडळ्यांची कार्यालये आहेत, नट मोबदला ठरवून घेतात, आणि परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्यांचीही गोष्ट अशीच. तथापि अभ्यासक्रमांत या साऱ्याची नोंद ‘लोककला’ या मथळ्याखाली होते. पैसे घेणारा शहरी नट व्यावसायिक आणि पैसे घेणारा खेड्यातला नट लोककलावंत, हा भेद कलेच्या कोणत्याही निकषावर टिकणारा नाही.

५

तेव्हा पहिली गरज शब्दाची आहे. कन्नडने ‘वृत्ती रंगभूमी’ हा शब्द जुन्या कंपनी नाटकांसाठी योजला. मराठीने तो उचलून त्याचा अर्थ थोडा सरकवला तर मोठी सोय होईल. जुन्या मराठी कागदपत्रांत वृत्ती म्हणजे उपजीविकेचा हक्क. जोशीपण, कुळकर्ण या वृत्तीच होत्या. आजच्या मराठीत वृत्ती म्हणजे मनाचा कल. नाट्यशास्त्रात भारती, सात्त्वती, कैशिकी आणि आरभटी या चार वृत्ती सांगितल्या आहेत, आणि नाट्य त्यांच्यापासूनच उपजते अशी भरताची धारणा आहे. उपजीविका, मनाचा कल आणि प्रयोगाची रीत हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, असे भाग्य ‘व्यावसायिक’ला लाभलेले नाही. बाजाराबाहेरची, लहान आकाराची, पण नटाला पोसणारी रंगभूमी ती वृत्ती रंगभूमी. नफ्यावर चालते ती व्यापारी. मोबदल्याविना चालते ती हौशी. आणि प्रायोगिकता हा गुण या तिन्हींत कुठेही असू शकतो, असे वर्गीकरण केले तर इतिहासातील पुष्कळ घोटाळे सुटतील.

शब्द आला म्हणून संस्था येत नाही, हे उघड आहे. परंतु विद्यापीठांच्या हाती शब्दांहून थोडे अधिक आहे. भारतीय भाषांच्या विभागांत शिकवली जाणारी नाटके छापील पुस्तकावरून निवडली जातात. ज्या संहिता प्रयोगात घडल्या आणि छपाईपर्यंत पोचल्या नाहीत त्या अभ्यासाबाहेर राहतात. प्रयोगाच्या वह्या, तालमीतील दुरुस्त्या, दौऱ्यांचे हिशेब हे सारे नाट्यवाङ्मयाचे साधनसाहित्य मानून ते जमवण्याचे काम केंद्रीय विद्यापीठेच करू शकतील, कारण त्यांना एका भाषेच्या सीमेत राहण्याचे बंधन नाही. दुसरे असे की, बहुतेक विद्यापीठांत सभागृह असते आणि ते वर्षातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. एका महोत्सवात पंधरा संस्थांचा एकेक प्रयोग लावण्यापेक्षा एका लहान मंडळीला तीन महिने वस्तीला बोलावले, रीतसर वेतन दिले आणि तीन नाटके करवून घेतली, तर खर्च फार वेगळा होणार नाही. फळ मात्र वेगळे मिळेल. विद्यार्थ्याला नाटक घडताना दिसेल, भाषांतरकाराला आपले वाक्य नटाच्या तोंडी कसे अडते ते ऐकू येईल, आणि मंडळीला एक हंगाम बाजाराविना व नोकरीविना काढता येईल.

मराठी रंगभूमीला लोकाश्रयाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण लोकाश्रय म्हणजे केवळ तिकीटखिडकी नव्हे. हेग्गोडूच्या संचाला जी गावे बोलावतात त्यांनी लोकाश्रयाचाच अर्थ विस्तारला आहे. मराठीत तसे होण्याआधी नटाचा पगार ही कलेच्या चर्चेत उच्चारता येण्याजोगी गोष्ट आहे, एवढे तरी मान्य व्हावयास हवे. ज्या भाषेने नाटकावर इतके प्रेम केले, तिने नाटक करणाऱ्याच्या पोटाची चौकशी करण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.